गुहेतला वाढीव भाग

आमच्या वस्तीत 'वाढीव' या शब्दाला फारशी पत नव्हती. अवचित पाहुणा आला की कालवणात जे पाणी पडायचं ते वाढीव. लाइटचं बिल यायचं ते वाढीव. आणि माझी मथुराकाकी बाजारातून आल्यावर जी हकीकत सांगायची तीही वाढीव, म्हणजे निम्मी घडलेली आणि निम्मी तिने वाटेत रचलेली. म्हणून तिचा मुलगा विलास, माझा चुलतभाऊ, कामावरून आला आणि सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच म्हणाला की 'पाताळ' वाढीव येतंय, तेव्हा ओट्यावर बसलेले माझे वडील चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाले, "त्यात कुणी पाणी ओतलं?" विलासला चेष्टा कळायची नाही. खोपोलीला कारखान्यात होता तो, आणि येता-जाता शिळफाट्यावरच्या कॅसेटच्या दुकानात त्याचं ठाण असे. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की टॉकीजसाठी कापून टाकलेला सगळा भाग परत जोडून 'पाताळ'ची पूर्ण कॅसेट निघणार आहे, घरी बसून बघायची. "गुहेतला भाग पण हाय त्यात, काका," तो म्हणाला. "आपलं कोंडाणं." चुलीपाशी बसलेल्या आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडताना दुमडली. तांदळाची भाकरी दुमडणं ही आईच्या हातून होणारी गोष्ट नव्हती, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

'पाताळ' हे काही त्या पिक्चरचं पूर्ण नाव नव्हे. पूर्ण नाव लांबलचक आणि हिंदी होतं, पोस्टरवर ते नागाच्या वेटोळ्यात लिहिलेलं असे. एक राजकन्या असते, तिच्या भावाचा कुणी मांत्रिक दगड करून टाकतो, आणि त्याला सोडवायला लागणारा मणी सातव्या पाताळात नागराणीकडे असतो. कर्जतला तंबूत तो लागला तेव्हा आम्ही सगळे जाऊन बघून आलो होतो. उडता घोडा होता, बोलणारं झाड होतं, तोंडातून आग काढणारा राक्षस होता. पण शेवटाकडे घोडं अडायचं. राजकन्या अनवाणी गुहेच्या तोंडाशी येते, आत पाऊल टाकते, आणि पुढच्याच क्षणी ती घोड्यावर बसून आभाळात, कपाळावर मणी. मणी आला कुठून? या एका प्रश्नावर आमच्या भागात वर्षानुवर्षं वाद चालले. कशेळ्याच्या बाजारात एक शिंपी होता, तो मापं घेता घेता सांगायचा की तिने चोरलाच असणार, राजघराण्यातली माणसं दुसरं करतात काय. विलासचं म्हणणं, युद्ध झालं असणार. खुद्द बाबा, ज्यांनी तंबूतून बाहेर पडताना 'शुद्ध भाकड' असा निकाल दिला होता, तेही जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, "पण मणी आला कुठून?" माझी नात हल्ली कुठल्याशा परदेशी पिक्चरच्या लांब प्रतीची वाट बघत मोबाइलमध्ये डोकं घालून बसते आणि तिला वाटतं हे वेड तिच्या पिढीने काढलं. बाजारातला तो शिंपी तिने बघायला हवा होता.

आम्हाला हा प्रश्न बाकीच्यांपेक्षा जास्त टोचायचा, कारण ती गुहा आमची होती. आमची वस्ती कोंडाण्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. वर रानात कोंडाण्याची लेणी. मी लहान असताना एका हिवाळ्यात तिथे शूटिंगवाले आले होते. लेणीतल्या दगडी स्तूपाला हात लावायची त्यांना मनाई होती, म्हणून तो मागच्या अंधारात तसाच सोडून त्यांनी दाराच्या अंगाला प्लास्टरची भलीमोठी नागराणी उभी केली. पाणी खालून न्यावं लागे, आणि ते न्यायला वस्तीतल्या बायका जायच्या. माझी आई त्यात होती, मथुराकाकी होती, आणखी दोघी-तिघी होत्या. मला शाळेमुळे वर जाऊ देत नसत, त्याचा राग मला कितीतरी दिवस होता. मग पिक्चर आला आणि गुहेचं नुसतं तोंड दिसून गायब झालं. आपलं कोंडाणं कापलं, असं लोक म्हणायचे, जणू कुणी आमच्या शेताचा बांध सरकवला होता.

बाबा रेल्वेत होते, कर्जत स्टेशनात पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे. घरी असले तरी त्यांचा कान घाटाकडे असे. आमच्या ओट्यावरून गाड्या दिसत नसत, पण घाट चढताना इंजिनाचा दमलेला आवाज सगळ्या खोऱ्यात भरून राही, आणि बाबा घास चावता चावता सांगायचे की ही मालगाडी, ही पुण्याची, ही आज उशिरा आहे. उशिरा असली की त्यांना जेवण गोड लागत नसे, जणू तो उशीर त्यांनीच केला. असा हा सरळ रुळांवरून चालणारा माणूस. वस्तीतल्या विहाराचे ते सेक्रेटरी. धर्मांतराच्या वेळी ते मिसरूड फुटलेले पोरगे होते, आणि घरोघरचे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडायला जे तरुण गेले त्यांत ते पुढे होते. दर रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून ते विहारात वंदना घ्यायचे. ते एक शील म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. माझ्या शेजारी आई बसायची. तिचा आवाज तसा खणखणीत, पण चौथ्या शीलाला तो बंद व्हायचा. खोटं बोलणार नाही, असं सांगणारं ते शील. मला वाटायचं तिथे तिला दम लागतो. पाचव्याला परत सुरू.

आईचं नाव हौसा, आणि नावाप्रमाणे तिला हौस होती. गजऱ्याची, गाण्याची, पिक्चरची. तिच्या माहेरी धर्मांतर झालं ते बापापुरतं. आजीने आजोबांच्या धाकाने देव सोडले, पण एक चांदीचा देवीचा टाक मागे ठेवला आणि लेकीला सासरी पाठवताना तिच्या ट्रंकेत साडीच्या घडीत सरकवून दिला. लग्नानंतर काही महिन्यांनी तो बाबांच्या हाती लागला. ही हकीकत मला मथुराकाकीने सांगितली आहे, तेव्हा थोडी वाढीव असेल, पण गाभा खरा. बाबा काही ओरडले नाहीत. टाक घेऊन नदीवर गेले, परत आले, आणि पुढे पुष्कळ दिवस आईच्या हातचं जेवले नाहीत. काकी त्यांना वाढायची. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी पाटावर बसून आईला हाक मारली आणि म्हणाले, "हौसे, पुन्हा कुठं वाकावंसं वाटलं तर मला सांगून वाक. चोरून नको." मग भाकरी मागितली. आईने ते वाक्य जन्मभर लक्षात ठेवलं.

तर कॅसेट येणार ही बातमी आली आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी आमच्या पोरांची गत झाली. विलास रोज शिळफाट्याला चौकशी करायचा आणि रोज नवीन बातमी आणायचा. आज काय, तर राक्षसाचं आणखी एक गाणं आहे. उद्या काय, तर बोलणारं झाड शेवटी माणूस होतं. आम्ही कॉलेजातल्या मुली कर्जतला जाताना बसमध्ये हेच बोलायचो, आणि आमच्यामागचे टिफिनवाले बाप्येही मान पुढे काढून आपलं मत द्यायचे. पोरांनी ठरवलं की टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचा आणि अख्ख्या वस्तीला 'पाताळ' दाखवायचा, तोही विहारात, कारण तेवढी मोठी खोली दुसरी नव्हती. माझी खात्री होती की बाबा नाही म्हणतील. चमत्काराचे पिक्चर म्हणजे डोक्याला गंज, असं त्यांचं मत. पण बाबांनी कपाळ खाजवलं आणि म्हणाले, आपली लेणी आहे त्यात, आपल्या लोकांनी बघायला पाहिजे. दुपारी लावा. आधी वंदना, मग पिक्चर. आणि टीव्ही तसबिरींच्या समोरच्या भिंतीला नको, बघणाऱ्यांची पाठ तसबिरींकडे होता कामा नये. बाजूच्या भिंतीला ठेवा. मणी कुठून आला हे जाणून घ्यायची खुमखुमी त्यांनी लेणीच्या नावाखाली दडवली, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी खुशीत आईला सांगायला गेले, तर ती म्हणाली, बरं. तेवढंच.

तिला त्या दिवसांत काय झालं होतं ते कुणाला कळेना. कालवणात मीठ दोनदा पडायचं. पिक्चरचं नाव निघालं की ती उठून गोठ्याकडे जायची. मथुराकाकी आणि ती विहिरीवर डोकी जवळ घेऊन बोलायच्या आणि मी दिसले की घागरीत बघायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझी आई चोर असेल हे माझ्या मनात यायचं काही कारण नव्हतं.

एका दुपारी आम्ही दोघी ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. बिरड्याचे वाल सोलताना बोटांना काम असतं आणि तोंड मोकळं असतं, म्हणून आमच्या घरातली महत्त्वाची बोलणी वालांवरच व्हायची. मी 'पाताळ'मधलं गाणं गुणगुणत होते. आई वालाकडे बघत म्हणाली, "सुजे, त्या गुहेत मी हाय."

मला आधी आनंदच झाला. माझी आई पिक्चरमध्ये, आणि इतकी वर्षं तिने सांगितलं नाही. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं गाणं थांबलं. तिने हळूहळू सगळं सांगितलं. नागराणीच्या दासी म्हणून कंपनीने मुंबईच्या नाचणाऱ्या मुली आणल्या होत्या, त्या कमी पडल्या. कंपनीच्या माणसाने पाणी वाहणाऱ्या बायकांना विचारलं. मथुराकाकी पहिली हो म्हणाली. हिरव्या चमकीच्या साड्या मिळाल्या, डोक्याला पत्र्याचे मुकुट, कपाळाला लाल टिळा, हातात दिव्याचं ताट. बाबा तेव्हा बदलीच्या कामावर घाटाच्या वर होते, आठवड्यातून एखादा दिवस घरी यायचे. ते आले तेव्हा बायकांनी एकच सांगितलं, पाणी वाहायला जातो. ते खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. "मला हौस होती गं," आई म्हणाली. "तेवढीच. पिक्चरमध्ये यायची. पण त्या बाईच्या पुतळ्यापुढं मी वाकले. ताट ठेवून, हात जोडून वाकले. त्यांनी सांगितलं म्हणून वाकले, पण वाकले. आन् ते आता समद्यांना दिसनार, तुज्या बापाला दिसनार, विहारात बसून दिसनार." तिच्या हातातला वाल सोलून झाला होता, तरी ती सोलतच होती.

टाकाची गोष्ट मला ठाऊक होती. बाबा मारणाऱ्यातले नव्हते, ओरडणाऱ्यातलेही नव्हते, आणि तेच वाईट होतं. त्यांचं गप्प होणं घरात डोंगराएवढं बसायचं. त्यातून हे तर उभ्या वस्तीसमोर व्हायचं होतं, ज्या माणसाने इतरांच्या घरचे गंडेदोरे तोडले त्याच्या स्वतःच्या बायकोचं. ज्या कॅसेटची मी दिवस-रात्र वाट बघत होते, ती शिळफाट्याच्या वाटेवर कुठेतरी हरवावी, दुकानाला कुलूप लागावं, टेंपो पळसदरीच्या उतारावर बंद पडावा, असं मला मनापासून वाटू लागलं. आणि खरं सांगायचं तर मणी कुठून आला हे मला तरीही बघायचं होतं. माणसाचं मन असलं लबाड असतं.

टेंपो बंद पडला नाही. ठरल्या रविवारी दुपारी तो वाजतगाजत आला, मागे गोधडीत गुंडाळलेला रंगीत टीव्ही आणि त्याला तान्ह्या पोरासारखा धरून बसलेला विलास. विहाराच्या खिडक्यांना आम्ही गोधड्या आणि गोणपाटं टांगली. आत उकाडा, घामाचा वास, आणि पोरांनी बाहेर पेटवलेल्या पोपटीतून, म्हणजे जाळात पालथ्या ठेवलेल्या मडक्यातून, येणारा वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास. कोंडाण्यातून लोक आले, पलीकडच्या वाडीवरून आले, दारापर्यंत माणूस. बाबा पुढच्या खुर्चीवर. आई बायकांत मागे, भिंतीला टेकून. वंदना झाली. चौथं शील आलं तेव्हा मी कान देऊन ऐकलं, आणि आईचा आवाज नेमका तिथे बंद झालेला मला पहिल्यांदा नीट समजला.

लाइटच्या बोर्डातली पिन ढिली होती, हलली की टीव्ही बंद पडायचा. ती धरून बसायचं काम विलासने मला दिलं, कारण मी कॉलेजात विज्ञान घेतलं होतं. आई माझ्याकडे बघत होती. तिने काही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, पण आम्हा दोघींना माहीत होतं की गुहा आली की माझा हात हलणार आहे. पिक्चर सुरू झाला. वाढीव गाणं आलं, लोकांनी ताल धरला. बोलणारं झाड खरंच माणूस निघालं आणि विलासने 'मी सांगितलं होतं ना' म्हणून सगळ्यांकडे बघून घेतलं. मला यातलं काही धड दिसत नव्हतं. माझं सगळं लक्ष बोटांतल्या पिनेवर होतं. पहिली कॅसेट संपली, दुसरी घातली. राजकन्या अनवाणी चालू लागली. कुणीतरी म्हणालं, "आलं रं आलं, आपलं कोंडाणं." बाबा खुर्चीत पुढे सरकले. राजकन्येने आत पाऊल टाकलं आणि टीव्ही काळा झाला.

सगळे माझ्याकडे वळले. पण मी काहीच केलं नव्हतं. वरचा बल्बही गेला होता, खरोखरची लाइट गेली होती. मला हसू आलं आणि रडूही. मागे आईने सोडलेला श्वास मला तिथपर्यंत ऐकू आला. आता लोक कंटाळून उठतील, असं मला वाटलं. कुणी उठलं नाही. आतापर्यंत थांबलो, आणखी थोडं, असं म्हणत माणसं पदराने, टोपीने वारा घेत बसून राहिली. बाहेरच्या पोपटीच्या शेंगा आत आल्या आणि अंधारातच सोलून खाल्ल्या गेल्या. बाबा बाजूच्याला सांगत होते की ही लेणी किती जुनी, कुणी कोरली, भिक्खू कुठे झोपायचे. त्यांच्या आवाजात एवढा अभिमान होता की मला ऐकवेना. तेवढ्यात माझ्या खांद्याला हात लागला. आई होती. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "हात काड तिथनं. बगू दे त्यांना." मी म्हटलं, आई, बाबा आहेत. ती म्हणाली, "म्हनूनच." आणि परत जाऊन भिंतीला टेकली.

लाइट आली. विलासने कॅसेट थोडी मागे घेतली. राजकन्या पुन्हा अनवाणी आली आणि आत शिरली, आणि या वेळी आम्हीही तिच्या मागोमाग आत गेलो. ती आमची लेणी होती. ते खांब, ती कमान, मागच्या अंधारात झिजलेला स्तूप. पुढे नागराणीचा पुतळा, आणि दासींच्या रांगा, हिरव्या चमकीच्या साड्यांत. मागच्या रांगेत, पत्र्याचा मुकुट थोडा तिरपा, हातात ताट, माझी आई. तरुण, हडकुळी, डोळे हसणारे. कुणीतरी म्हणालं, "हौसाकाकी." मग दुसऱ्याने मथुराकाकी ओळखली. बाबांची पाठ मला दिसत होती. ती हलली नाही. पडद्यावरच्या राजपुरोहिताने काठी आपटली आणि मोठ्याने म्हणाला, "महारानी की वंदना हो."

पुढच्या रांगा वाकल्या. आणि मागच्या रांगेतल्या आमच्या बायका गर्रकन उलट्या वळल्या. नागराणीकडे पाठ करून त्या स्तूपाकडे तोंड करून बसल्या, गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ जमिनीला लावलं, आम्ही दर रविवारी करतो तसा पंचांग प्रणाम. वंदना म्हटल्यावर त्यांना दुसरी कुठली ठाऊकच नव्हती. मथुराकाकीचे तर ओठही हलत होते. तिकडे राजकन्येने सगळ्यांचे डोळे खाली असल्याचं बघून पुतळ्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला, म्हणजे शिंप्याचंच खरं निघालं, पण ते त्या खोलीत कुणी बघितलं नाही. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि अख्खा विहार टाळ्यांनी भरून गेला. विलासने कॅसेट मागे घेतली, पुन्हा दाखवलं, पुन्हा टाळ्या.

बाबा उभे राहिले. त्यांना सभेत बोलायची सवय होती. म्हणाले, बघा, कॅमेऱ्यापुढे उभं केलं, मुकुट घातले, टिळे लावले, तरी आपल्या बायांनी पाठ कुणाकडे केली आणि माथा कुठे टेकला ते बघा. याला म्हणतात धम्म अंगात भिनणं. त्यांनी मागे वळून आईकडे बघितलं. इतक्या वर्षांत बाबांनी आईकडे असं चारचौघांत बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो. मी अक्षरशः डोळे मिटून घेतले, इतकं मला हायसं वाटलं.

आई भिंतीपासून पुढे आली. म्हणाली, "अवो, बसा तुमी. ते पयल्या वेळचं हाय."

बाबांना कळलं नाही. मथुराकाकीने तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला. म्हणाली, "आमी चुकलो तवा त्यांनी आरडाओरडा केला. तिकडं नाय, इकडं वाका म्हनाले. मंग दुसऱ्या वेळी आमी त्या बाईपुढं वाकलो. मी पन वाकले. जोडताना चुकून पयलं जोडलं असंल त्यांनी."

टीव्हीवर घोडा आभाळात उडत होता आणि त्याच्या टापांचा आवाज तेवढा खोलीत होता. बाबा आईकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा आपला गमछा उचलला आणि ते बाहेर गेले. लोकांनी त्यांना वाट करून दिली. पिक्चर संपेपर्यंत कुणी उठलं नाही, पण कुणी बघितलंही नसेल. नंतर लोक आईला म्हणत राहिले की काय अडलं होतं बोलायचं, देवाने दिलं होतं आणि कर्माने नेलं. आमच्या लोकांच्या तोंडात अजून तसल्या म्हणी होत्याच. मलाही तिचा राग आला होता. वाचली होती, आणि स्वतःहून विहिरीत उडी मारली.

पुढचा आठवडा मी आठवते तेव्हा मला फक्त गाड्यांचे आवाज ऐकू येतात, कारण घरात दुसरा आवाज नव्हता. बाबा आईच्या हातचं जेवत होते. वाढलेलं निमूट खायचे, हात धुवायचे, ड्यूटीला जायचे. आई मला म्हणाली की याच्यापेक्षा जेवले नसते तर बरं होतं. एकदा पुण्याची गाडी उशिराने घाट चढू लागली आणि सवयीने मी बाबांकडे बघितलं. त्यांनी कान दिला नाही. ताटाकडे बघत ते आईला म्हणाले, "वाकलीस त्याचं नाय, हौसे. पानी वाहायला जाते म्हनालीस." आई म्हणाली, "व्हय." आणखी काही ती म्हणाली नाही, हौस होती, घाबरले होते, काही नाही. बाबांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले.

रविवार उजाडला. आई जाईल की नाही हे मला कळत नव्हतं. तिने डोक्याला तेल लावलं, पांढरी साडी नेसली आणि माझ्या आधी दारात उभी राहिली. विहारात खिडकीवरच्या खिळ्याला एक गोणपाट अजून लोंबत होतं. बायकांनी सरकून तिला जागा दिली, नेहमीपेक्षा थोडी जास्तच. बाबा पुढे डोळे मिटून बसले होते. त्यांनी पहिलं शील म्हटलं, आम्ही मागून म्हटलं. दुसरं झालं. तिसरं झालं. बाबांनी चौथं म्हटलं.

माझ्या शेजारून आवाज आला. घोगरा, बाकीच्यांच्या मागे पडलेला, कारण ते शब्द इतक्या वर्षांत तिने तोंडातून बाहेर काढले नव्हते आणि ते तिला एकेक करून उचलावे लागत होते. सगळ्यांचं म्हणून संपलं तरी तिचं चाललं होतं. एवढ्या मोठ्या खोलीत तिचा एकटीचा आवाज. बाबा वंदनेत कधी कुणासाठी थांबत नसत, मागे पडलेल्याने आपलं गाठून घ्यायचं असा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी ते थांबले. डोळे मिटलेलेच होते, मान किंचित तिच्या बाजूला कललेली, घाटातली गाडी ऐकताना कलायची तशी. आईचं शेवटचं अक्षर पुरतं झालं. मग त्यांनी पाचवं सुरू केलं.